वाफेची कांडी आणि खंडव्याचा गांजा

इंदूरहून इच्छापूरकडे येणारा रस्ता सातपुडा उतरतो तो असीरगडाच्या पायथ्याशी. तिथून बुऱ्हाणपूर वीसेक किलोमीटर, आणि इच्छापूर मागे पडलं की आपण जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगरच्या वाटेला लागतो. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधली ही खिंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती दक्षिणेची वाट. म्हणून अकबराने महिनोन्‌महिने वेढा घालून १६०१ मध्ये फारुकींकडून हा गड मिळवला, आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला. ही लढायांची हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. याच निमाड मुलखाची दुसरी एक ओळख मात्र विसरली गेली आहे. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताचा सरकारमान्य गांजा पिकायचा तो खंडव्याच्या आसपास. आज परदेशी संकेतस्थळांवर आणि आपल्याकडे समाजमाध्यमांच्या आडोशाने ‘हेम्प’चे व्हेप, म्हणजे वाफ ओढायच्या विजेवरच्या कांड्या, विकले जातात. ‘नैसर्गिक’, ‘कायदेशीर’, ‘प्रयोगशाळेत तपासलेले’ अशा शब्दांत त्यांची भलामण होते. या विक्रीचा विचार करताना खंडव्याच्या त्या जुन्या गांजापासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण एकाच झाडाचा माल विकण्याच्या या दोन तऱ्हा एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

ब्रिटिश पार्लमेंटात मार्च १८९३ मध्ये डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवादी खासदाराने भारतातल्या गांजाचा प्रश्न उपस्थित केला, आणि त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. कमिशनने १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं नोंदवलं आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. बेताने घेतलेल्या भांग-गांजाने सर्वसाधारण माणसाचं फारसं बिघडत नाही, अतिरेकाने बिघडतं, सरसकट बंदी नको पण नियंत्रण हवं, असा त्याचा सारांश. गांजाचं समर्थन करणारे आजही हा अहवाल पुढे करतात. पण त्यातलं ‘नियंत्रण’ म्हणजे काय होतं, हे सांगायला ते सहसा थांबत नाहीत. परवाना असलेल्या शेतकऱ्यानेच लागवड करायची. फुलोरा येण्याआधी जाणकार माणसाने शेतात फिरून नर झाडं एकेक करून ओळखायची आणि उपटून टाकायची, म्हणजे मादी झाडांच्या तुऱ्यांत बी धरत नाही आणि राळ वाढते. तयार माल सरकारच्या देखरेखीखाली गोदामात जायचा. तिथून वजन होऊन, कर भरून तो ठोक व्यापाऱ्याकडे, आणि पुढे लिलावात दुकान घेतलेल्या किरकोळ विक्रेत्याकडे. गिऱ्हाइकाला जवळ किती तोळे बाळगता येतील याचीही मर्यादा होती. सरकारला लोकांच्या तब्येतीची फार चिंता होती अशातला भाग नाही, त्याला महसूल हवा होता. पण त्या हव्यासापोटी का होईना, माल कुणी पिकवला, किती होता आणि कोणत्या दुकानात गेला, हे कागदावर सापडत असे. आणि दुकानदाराला गावोगाव फिरून ‘गांजा ओढा, झोप छान लागेल’ असं सांगत सुटायची मुभा नव्हती.

आता दुसरी तऱ्हा. तिचा जन्म अमेरिकेतला आणि तारीखही नेमकी, २० डिसेंबर २०१८. त्या दिवशी सही झालेल्या शेती कायद्याने ‘हेम्प’ आणि ‘मारिजुआना’ यांना वेगळं केलं. झाड एकच. त्यात डेल्टा-९ टीएचसी हा नशा आणणारा घटक सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत असला तर तो हेम्प, त्याहून जास्त असला तर अमली पदार्थ. हा ०.३चा आकडा अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये झाडांचं वर्गीकरण करताना वापरला होता. नशा किती चढते याच्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि ही रेघ काहीशी मनाने ओढलेली आहे हे स्मॉल यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. झाडाला लावायची मोजपट्टी कायद्याने तयार मालालाही लावली. त्याचा परिणाम साध्या गुणाकाराने कळतो. ५० ग्रॅमच्या चॉकलेटच्या वडीत वजनाच्या ०.३ टक्के म्हणजे १५० मिलिग्रॅम टीएचसी बसतं, आणि संशोधनात एक मात्रा धरली जाते ती ५ मिलिग्रॅमची. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून तीस मात्रांची वडी! व्हेपवाल्यांना तर एवढ्या हिशोबाचीही गरज उरली नाही. हेम्पमध्ये सीबीडी नावाचा, नशा न आणणारा घटक भरपूर असतो. तो द्रावकात विरघळवून आम्लाची प्रक्रिया केली की त्यातून डेल्टा-८ टीएचसी तयार होतं. डेल्टा-९ इतकं तीव्र नाही, पण नशा आणणारंच. कायद्यात मोजायचं ठरलं होतं डेल्टा-९, म्हणून डेल्टा-८ने भरलेली कार्ट्रिज ‘शेतमालापासून काढलेलं उत्पादन’ म्हणून घरपोच जाऊ लागली. मे २०२२ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, एका व्यापारचिन्हाच्या भांडणात का होईना, कायद्याचा शब्द पाहता असा माल हेम्पमध्येच मोडतो असं म्हटलं आणि विक्रेत्यांना हवं ते मिळालं.

माल कायदेशीर ठरला, तरी तो विकायचा कसा हा प्रश्न होताच. मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या जाहिरात-धोरणांत व्हेप आणि नशेच्या पदार्थांना सहसा जागा नसते. त्यामुळे या धंद्याने सरळ जाहिरातीऐवजी आडवळणं शोधली. अशा एखाद्या दुकानाचं पान नीट पाहावं. वर पट्टी असते, ‘तुमचं वय २१ पूर्ण आहे का?’ ‘हो’वर बोट ठेवलं की दार उघडतं, कुणी दाखला मागत नाही. मग आंबा, स्ट्रॉबेरी, कॉटन कँडी अशा चवींची नावं आणि पेन्सिलीएवढ्या रंगीत कांड्या. त्यांच्याखाली झोप, ताण, अंगदुखी यांचे मोघम उल्लेख, कारण ‘बरं करतो’ असं लिहिलं तर औषध कायदा आड येतो, ‘शांत वाटेल’ असं लिहिलं तर सहसा येत नाही. कोपऱ्यात एक क्यूआर कोड, तपासणीचा अहवाल दाखवणारा. पण तो अहवाल याच खेपेचा आहे का, हे पाहायची सोय गिऱ्हाइकाकडे नसते. पहिल्या खरेदीला सूट आणि मित्राला आणलं तर आणखी सूट. वर ‘दहा उत्तम व्हेप’ अशा मथळ्याचे लेख, ज्यांच्या लेखकाला प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळते. हा सगळा थाट पाहिला की लक्षात येतं, इथे पदार्थाआधी विकला जातो तो विश्वास. आणि तो विश्वास ज्या दोन पायांवर उभा आहे, ‘वनस्पतीपासून’ आणि ‘तपासलेलं’, ते दोन्ही पाय कच्चे आहेत.

हे नुसतं माझं मत नाही. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात ३१ कंपन्यांची ८४ सीबीडी उत्पादनं ऑनलाइन विकत घेऊन तपासली होती. लेबलवरचं प्रमाण खरं निघालं ते जेमतेम ३१ टक्के उत्पादनांत. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं, आणि लेबल सर्वांत जास्त चुकीचं होतं ते वाफेच्या द्रवांचं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांना गंभीर इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत मृत्यू ६८. कारण शोधताना ५१ रुग्णांच्या फुफ्फुसांतला द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांत ‘व्हिटॅमिन ई अॅसिटेट’ मिळालं. टीएचसीचं तेल दाट दिसावं म्हणून घातलेली ही भेसळ. त्वचेला लावायला निर्धोक असलेला पदार्थ गरम करून छातीत ओढला की काय होतं, ते डॉक्टरांना रुग्ण समोर आल्यावरच कळलं. बहुतेकांनी माल मित्रांकडून किंवा अनधिकृत विक्रेत्यांकडून घेतलेला होता, हे खरं आहे. पण लेबलावरून अधिकृत आणि अनधिकृत ओळखता येत नसेल, तर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा भेद कागदावरचाच. डेल्टा-८बद्दलही तेच. जानेवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या चौदा महिन्यांत तिथल्या विषबाधा केंद्रांकडे २,३६२ प्रकरणं आली आणि त्यांतली ४१ टक्के १८ वर्षांखालच्या मुलांची होती. २०२३च्या राष्ट्रीय पाहणीत बारावीतल्या ११.४ टक्के विद्यार्थ्यांनी वर्षभरात डेल्टा-८ घेतल्याचं सांगितलं. ‘२१ पूर्ण आहे का?’ या पट्टीची किंमत या आकड्यांवरून ठरवावी.

आपल्याकडे याचं काय, असं कुणी विचारेल. आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा चोख आहे, फक्त तो कुणाच्या ध्यानात नसतो. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात ०.३ टक्क्यांची रेघ नाही. फुलोऱ्याचे तुरे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि तुऱ्यांशिवायची पानं व बी त्या व्याख्येबाहेर. टीएचसी मात्र मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत आपल्या रासायनिक भावंडांसकट आहे, म्हणून डेल्टा-८ची अमेरिकी पळवाट इथे चालत नाही. त्याहून महत्त्वाचा २०१९चा ई-सिगारेट बंदी कायदा. सप्टेंबरात वटहुकूम, डिसेंबरात कायदा. यात व्याख्या केली आहे ती उपकरणाची. कोणताही पदार्थ, निकोटिन असो वा नसो, तापवून ओढायची वाफ करणारं विजेवरचं उपकरण. म्हणजे आत सीबीडी आहे की आंब्याचा अर्क, हा वाद घालायचंच कारण नाही. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात सगळंच बंद, आणि जाहिरातीत इंटरनेट व समाजमाध्यमं स्पष्टपणे धरलेली आहेत. साठ्याला शिक्षा थोडी कमी, बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. असं असूनही जुलै २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला ई-सिगारेट विकणाऱ्या १५ संकेतस्थळांना नोटिसा काढाव्या लागल्या. कायदा होऊन चार वर्षं होत आली होती आणि दुकानं उघडीच होती! संकेतस्थळ बंद झालं की विक्री इन्स्टाग्रामच्या खात्यावर जाते, तिथून टेलिग्रामवर, आणि शेवटी साध्या खोक्यात, मोबाइलचं सुटं सामान म्हणून कुरियरने. पोलीस आजही शिरपूर तालुक्यातल्या वनजमिनीवर जाऊन गांजाची हिरवी शेतं उपटतात, त्याचे फोटो छापून येतात. ते काम करायलाच हवं. पण शेत डोळ्यांना दिसतं, खोकं दिसत नाही, म्हणून सारा बंदोबस्त दिसणाऱ्या मालावर एकवटतो आणि त्या बंदोबस्तात सापडतो तो बहुधा डोंगरातला गरीब माणूस.

यावर पहिला आक्षेप भांगेचा. बुऱ्हाणपुरात किंवा उज्जैनला परवान्याच्या दुकानात भांग मिळते, शिवरात्रीला प्रसाद म्हणून घेतली जाते, मग एका कांडीचा एवढा बाऊ कशाला? आक्षेप वजनदार आहे. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.२ कोटी लोकांनी वर्षभरात भांग घेतली होती, आणि गांजा-चरस १.३ कोटींनी. ही काही परक्या मुलखातून आलेली सवय नव्हे. शिवाय कायद्याची गंमत अशी की तीच भांग मध्य प्रदेशाच्या हद्दीत परवान्याच्या दुकानातून घेता येते आणि हद्द ओलांडून रावेरला आलं की १९४९च्या दारूबंदी कायद्यात अडकते. तरीही भांग आणि व्हेप यांची बरोबरी होत नाही. भांग पोटातून चढते, तासाभराने, कधी दोन तासांनी. तोपर्यंत माणूस आपल्या घरी, आपल्या लोकांत असतो आणि किती घ्यायची हे वाटणाऱ्याला ठाऊक असतं. वाफ फुफ्फुसातून काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचते आणि कार्ट्रिजमध्ये असतो तो पाल्याचा रस नव्हे, गाळून घट्ट केलेला अर्क. त्वरित चढणारी गोष्ट पुन्हा पुन्हा हवीशी वाटते. आणि भांगेचं दुकान गावाच्या नजरेसमोर असतं, ही कांडी दप्तरात मावते, तिला वासही फारसा येत नाही. भांग चालते म्हणून व्हेप चालावा, हे म्हणणं ताडी चालते म्हणून शुद्ध अल्कोहोल चालावं म्हणण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप औषधाचा. सीबीडी खरंच औषध आहे. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लहान मुलांमधल्या दोन दुर्मीळ, हट्टी अपस्मारांसाठी त्याचं पातळ औषध मंजूर केलं. आपल्याकडे ‘विजया’ आयुर्वेदात जुनी आहे, तिचे अर्क परवान्याखाली निघतात, आणि औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांगेचं नाव असल्याने ते वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचे असतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पचं बी आणि बियांचं तेल खाद्य म्हणून मान्य केलं, पण टीएचसीची कडक मर्यादा घालूनच. मुंबईतल्या तरुणांनी उभ्या केलेल्या बॉम्बे हेम्प कंपनीसारखे उद्योग या धाग्या-बियांच्या आणि औषधी बाजूने काम करतात, उत्तराखंडने २०१८ पासून हेम्पच्या लागवडीला परवाने दिले. या सगळ्याला माझा विरोध नाही, उलट कोरडवाहू शेतकऱ्याला धाग्याचं पीक मिळत असेल तर हवंच आहे. पण यांतली एकही गोष्ट फुफ्फुसात वाफ ओढून करायची नाही. २०१९च्या कायद्यात औषध परवाना असलेल्या उत्पादनांना सूट आहे. तिचा आधार घेऊन उद्या कुणी म्हणेल की आमच्या अर्काला आयुष परवाना आहे, मग त्याच अर्काची कांडीही चालेल. माझ्या वाचनाप्रमाणे तोंडाने घ्यायच्या तेलाचा परवाना वाफेच्या उपकरणाला पुरत नाही, आणि औषध प्रशासनांनी हे संदिग्ध न ठेवता एका परिपत्रकात स्पष्ट करावं. खऱ्या हेम्प उद्योगाचाही फायदा त्यातच आहे, कारण व्हेपवाले त्याचंच नाव खर्ची घालत आहेत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. बंदीने धंदा मरत नाही, लपतो, आणि लपला की भेसळ वाढते. म्हणून परवाना द्या, कर घ्या, तपासा. १८९४चा अहवाल हेच सांगतो. मीही तत्त्वतः त्याच बाजूचा. पण त्या अहवालातलं नियंत्रण हे ठिकाणावर उभं होतं. ठराविक शेत, ठराविक गोदाम, ठराविक दुकान, ठराविक वजन. ऑनलाइन विक्रीत यांतलं एकही उरत नाही. विक्रेता दुबईत, माल बँकॉकचा, खातं कुणा तिसऱ्याच्या नावावर आणि गिऱ्हाईक अकरावीतला. अमेरिकेने माल कायदेशीर केला आणि विक्री मोकाट सोडली, म्हणजे परवानापद्धतीचं नाव घेऊन तिचा गाभाच काढून टाकला. सात वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तिथल्या काँग्रेसला ती व्याख्या पुन्हा लिहावी लागली. आता मोजायचं ते एकूण टीएचसी, रासायनिक प्रक्रियेने बनवलेले प्रकार बाहेर, आणि तयार मालाच्या एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. अंमल ठरला एक वर्षानंतरचा. कुठल्या तरी दिवशी आपल्याकडे गांजाबद्दल परवानापद्धतीची चर्चा व्हायची तर जरूर व्हावी, भांगेच्या दुकानांचा अनुभव गाठीशी आहेच. मात्र ती चर्चा व्हायच्या आत घरपोच बाजार भरून गेला, तर पुढे नियम करायला काही शिल्लक राहणार नाही. तंबाखू व्हेपहून जास्त माणसं मारते, असंही कुणी म्हणतं. मारतेच. म्हणून तर नवं व्यसन बाजारात रुळायच्या आत अडवणं सोपं, हे विडी-गुटख्याने शिकवलेलं आहे.

तेव्हा करायचं काय, तर झाडाशी भांडण सोडून विक्रीकडे बघायचं. वापरणाऱ्या पोराला गुन्हेगार ठरवण्यात अर्थ नाही, २०१९च्या कायद्यानेही नुसत्या ओढण्याला शिक्षा ठेवलेली नाही, आणि ते शहाणपणाचं आहे. आत टीएचसी निघालं तर मात्र १९८५चा कायदा लागतो, हे पोरांना आणि त्यांच्या आईबापांना आधीच सांगून ठेवावं. धरायचं ते जाहिरात करणाऱ्याला, पैसे घेणाऱ्या खात्याला आणि डोळे मिटून खोकी पोचवणाऱ्या कुरियरला. त्यासाठी नवा कायदा नको. ई-सिगारेट कायद्याखाली झडती आणि जप्तीचा अधिकार उपनिरीक्षक आणि त्यावरच्या कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याला आहे, म्हणजे बुऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर इथल्या प्रत्येक ठाण्यात तो आजही आहे. आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये उल्लंघनं कळवण्यासाठी खास संकेतस्थळही उघडलं. मुलाच्या मोबाइलवर अशी जाहिरात दिसली तर त्याला ओरडण्याआधी त्या पानाचा, खात्याच्या नावाचा आणि पैसे भरायच्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, खोकं आलं असेल तर त्यावरची कुरियरची चिठ्ठी फाडू नका, आणि दोन्ही घेऊन ठाण्यात लेखी तक्रार द्या.